बाळाचं पहिलं वर्ष, मान धरण्यापासून पहिल्या पावलापर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि आसपासच्या आई-बाबांकडून, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याहून जास्त आज्यांकडून, सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे आधी, अडचणीचे नंतर. घाईत असाल तर प्रश्न १२ पहिला वाचा. त्यातल्या काही गोष्टींसाठी थांबून चालत नाही.

१. कोणत्या महिन्यात बाळाने काय करायला हवं? एकदा सरळ सांगून टाका.

ढोबळ क्रम असा. दोन महिन्यांचं बाळ पालथं ठेवलं की क्षणभर मान उचलतं. चार महिन्यांच्या सुमारास मान धरतं, कोपरांवर रेलून इकडेतिकडे बघतं, मुठी बहुतेक वेळ उघड्या असतात. चार ते सहा महिन्यांत कुशीवर वळतं, मग पालथं पडतं. सहाव्याच्या आसपास पुढे हात टेकून बसतं आणि खुळखुळा या हातातून त्या हातात घेतं. नऊ महिन्यांपर्यंत बहुतेक बाळं आधाराशिवाय बसतात. मग रांगणं, दिवाण धरून उभं राहणं, कडेकडेने सरकणं. दहाव्याच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जमिनीवरचा बारीकसा कण उचलून थेट तोंडात घालतं. पहिल्या वाढदिवसाला काही बाळं चालतात, काही चालत नाहीत. दोन्ही ठीक.

ताबा वरून खाली येतो: आधी मान, मग पाठ, मग पाय. हातातही तसंच, आधी खांदा, शेवटी बोटं. म्हणून कॅलेंडरपेक्षा बाळ या क्रमाने पुढे सरकतंय का, हे बघा.

२. मोबाइलवरचं ॲप एक महिना सांगतं, कार्ड दुसरा, डॉक्टर तिसरा. खरं कोणाचं?

तिघंही बरोबर असू शकतात, कारण तिघं वेगळी गोष्ट सांगत असतात. ॲप बहुतेकदा सरासरी दाखवतं. सरासरी म्हटलं की जवळपास निम्मी निरोगी बाळं ती गोष्ट त्यानंतरच करणार.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली निरोगी बाळं होती, आपल्याकडची दिल्लीची. त्यात दिसलेला पल्ला पाहा. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. धरून उभं राहणं ४.८ ते ११.४. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५. धरून चालणं ५.९ ते १३.७. एकट्याने उभं राहणं ६.९ ते १६.९. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६. म्हणजे दोन निरोगी बाळांच्या पहिल्या पावलात नऊ महिन्यांचं अंतर पडू शकतं. सोसायटीच्या ग्रुपवर कोणाचा व्हिडिओ आला की हे आकडे आठवा.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये आपली यादी बदलली. आता त्या वयाला चारांपैकी किमान तीन बाळं जे करतात, तेच त्यात लिहितात. आपल्याकडे अनेक डॉक्टर त्रिवेंद्रमचा तक्ता वापरतात: बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची, पेन्सिलच्या डावीकडे संपलेल्या सगळ्या पट्ट्या बाळाला जमत असायला हव्यात. सरकारी माता-बाल संरक्षण कार्डाच्या आतल्या पानांवरही वयानुसार चित्रं असतात. बऱ्याच घरांत ते कार्ड फक्त लसीच्या तारखेसाठी उघडलं जातं, ही पानं कोरीच राहतात.

३. पालथं ठेवलं की दोन मिनिटांत रडायला लागतं. तरी ठेवायचं का?

हो, पण रडवत नाही. जागं असताना, दूध पिऊन थोडा वेळ झाल्यावर, सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटं, दिवसातून अनेकदा. तुमच्या छातीवर पालथं झोपवलं तरी चालतं. तुमचा चेहरा बघायला ते मान उचलतंच. मांडीवर आडवं पालथं घेतलं तरी तोच व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार, अजून स्वतः सरकू न शकणाऱ्या बाळाला दिवसभरात मिळून किमान तीस मिनिटं असं पालथं ठेवावं.

झोपताना मात्र नेहमी उताणं. पालथं झोपवल्याने झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून हा नियम मोडायचा नाही. सगळा दिवसही उताणंच गेला, तर मान, खांदे आणि पाठ यांना कामच मिळत नाही.

जागा म्हणाल तर जमीन. गादीत बाळ रुततं, जोर लावता येत नाही. सतरंजीवर एक गोधडी पुरे. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची फरशी गार पडते, तेव्हा दोन. ‘जमिनीवर कसं ठेवायचं, सर्दी होईल’ म्हणून पलंग, झोळी, कडेवर आणि पुन्हा पलंग असा दिवस काढणारी बाळं आम्हाला फ्लॅटमध्ये फार दिसतात. सर्दी विषाणूंमुळे होते, फरशीमुळे नाही.

४. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ठेवली आहे. चालेल?

झोपेत नको. पहिल्या वर्षात बाळाच्या अंथरुणात कोणतीच उशी नको. तोंडावर आली किंवा मान वाकली तर श्वास अडतो. डोक्याची एक बाजू चपटी होत असेल तर कधी उजवीकडून, कधी डावीकडून बोला, पाळण्यात बाळाची दिशा बदला, जागेपणी पालथं ठेवा (प्रश्न ३). बाळ सतत एकाच बाजूला बघत असेल आणि दुसरीकडे मान वळवायला गेलं की अडत असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. त्यावर लवकर फिजिओथेरपी सुरू केली तर तो बहुधा पूर्ण मोकळा होतो. आपण होऊन मान ओढू नका.

५. पाच महिने झाले, अजून पालथं पडत नाही. शेजारचं तर तीन महिन्यांतच पडलं.

पाच महिन्यांना नुसतं एवढ्यावरून काळजी नको. मान धरतंय का, वस्तूकडे हात नेतंय का, पाय तोंडाकडे आणतंय का, ते पाहा. हे असेल तर वळण्याची तयारी चालू आहे. खुळखुळा समोर न धरता थोडा बाजूला धरा. सहा महिने उलटून कुठल्याच बाजूला वळायचा प्रयत्न नसेल, तर पुढच्या भेटीची वाट न बघता दाखवा.

काही बाळं आधी पालथ्याचं उताणं होतात, काही उलटं. ‘अजून वळत नाही’ या भरवशावर पलंगावर सोडून दाराची बेल बघायला जाऊ नका. पहिल्यांदा कधी वळणार, हे बाळ सांगून करत नाही.

६. उशा-लोड लावून बसवलं तर लवकर बसायला शिकेल ना? आणि पाठ वाकडी तर होणार नाही?

दोन्हीचं उत्तर नाही. थोडा वेळ टेकून बसवल्याने पाठीचं नुकसान होत नाही, पण बसणंही शिकत नाही. तोल जाणं, हात टेकणं, पुन्हा सावरणं यातून बसणं येतं; चहूबाजूंनी उशा लावल्या की तोल जातच नाही. त्यापेक्षा तुमच्या दोन पायांच्या मध्ये जमिनीवर बसवा, कमरेला हलका आधार द्या आणि तो हळूहळू कमी करा.

‘लवकर उभं केलं की पाय वाकडे होतात’ हेही असंच. तुमचे हात धरून बाळ आपणहून जोर देऊन उभं राहत असेल तर राहू द्या. पाय वाकण्यामागे दुखणं असलंच तर ते बहुधा मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता. म्हणूनच डॉक्टर पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात. ते मध्येच बंद करू नका.

७. बाळ रांगलंच नाही, एकदम उभं राहिलं. काही राहून गेलं का?

नाही. प्रश्न २ मधल्या अभ्यासात सुमारे चार टक्के बाळं हात-गुडघ्यांवर कधीच रांगली नाहीत आणि चालायला मात्र शिकली. अमेरिकेच्या नव्या यादीतून तर रांगणं काढूनच टाकलंय. कोणी पोटावर सरपटतं, कोणी लोळत खोली पार करतं, कोणी बसल्या बसल्या ढुंगणावर सरकतं.

ढुंगणावर सरकणाऱ्यांचं थोडं वेगळं असतं. ही बाळं पालथं ठेवलेलं सहन करत नाहीत, उभं धरलं तर पाय टेकण्याऐवजी हवेत बसल्यासारखे वर घेतात आणि बऱ्याचदा दीड वर्षानंतर, कधी दोन वर्षांच्या आसपास चालतात. घरात विचारलं तर बाबा किंवा आत्या लहानपणी तशीच सरकायची, असं निघतं. तरी अशा बाळाला एकदा डॉक्टरांनी तपासलेलं बरं, कारण स्नायू ढिले असलेलं बाळही असंच करू शकतं.

रांगताना एकच हात, एकच पाय ओढत नेत असेल तर ती रांगण्याची तऱ्हा समजून सोडू नका. प्रश्न ११ आणि १२ पाहा.

८. वॉकर घ्यावा का? आम्हीही वॉकरमध्येच चाललो.

नको. आमचं यावर दुमत नाही. चाकांच्या वॉकरमध्ये बसलेलं बाळ पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं, तोल सांभाळत नाही, आपले पायही त्याला दिसत नाहीत. वॉकर वापरणारी बाळं चालायला लवकर शिकत नाहीत; काही अभ्यासांत उशीरच दिसला. त्यातच जिन्यावरून कोसळणं, गॅसजवळच्या ओट्यापर्यंत हात पोहोचणं, चहाचा कप ओढणं. कॅनडाने २००४ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

तुळशीबागेत मिळणारा लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ बसत नाही. स्वतःच्या पायावर उभं राहून तो ढकलतं. स्वतः धरून उभं राहायला आणि पावलं टाकायला लागल्यावर दिला तर हरकत नाही. फक्त गुळगुळीत फरशीवर तो सुसाट सुटतो, तेव्हा सुरुवातीला सतरंजीवर आणि कोणीतरी जवळ हवं.

९. मालिश करणाऱ्या बाई म्हणतात, जोरात केल्याशिवाय हाडं मजबूत होत नाहीत.

मालिशने बाळाला बरं वाटतं, झोप चांगली लागते, आईचा-आजीचा हात अंगावरून फिरतो. एवढं भरपूर आहे. हाडं मात्र आहार, ड जीवनसत्त्व आणि हालचाल यांनी घट्ट होतात, जोराने नाही.

पाय धरून उलटं लटकवणं, हात-पाय उलटसुलट ताणून ‘मोकळे’ करणं, नाका-कानात तेल सोडणं, पाठीत कडकड आवाज येईपर्यंत दाबणं: हे सगळं बंद. तेल नाकातून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. हाडाला इजा झालेलीही बाळं येतात. बाई अनुभवी असतात आणि सासूबाईंचा त्यांच्यावर विश्वास असतो, त्यामुळे नव्या आईला बोलणं जड जातं. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ असं आमचं नाव खुशाल पुढे करा. मालिश घरच्यांनीच केली तर सगळ्यात उत्तम.

१०. बाळ आठव्या महिन्यात जन्मलं. महिने कुठून मोजायचे?

हालचालींसाठी ठरलेल्या तारखेपासून, म्हणजे चाळीस आठवड्यांपासून. समजा बाळ बत्तीसाव्या आठवड्यात आलं. आठ आठवडे लवकर. मग जन्मापासून आठ महिन्यांचं बाळ हालचालींच्या हिशेबात सहा महिन्यांचं. हे त्याचं सुधारित वय. दोन वर्षांपर्यंत असाच हिशेब धरतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. हा घोळ इतक्यांदा होतो की बाळाच्या फाइलच्या पहिल्या पानावर दोन्ही तारखा लिहून ठेवा.

सुधारित वय धरूनही मागे वाटत असेल तर ‘लवकर जन्मलंय, चालायचंच’ म्हणू नका. उलट याच बाळांकडे बारीक लक्ष हवं. ठरलेल्या पाठपुराव्याच्या भेटी बाळ ‘छान दिसतंय’ म्हणून चुकवू नका. पुण्यात या कामाला जुनी परंपरा आहे: १९८७ ते १९८९ दरम्यान नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ती अठरा वर्षांची होईपर्यंत केला.

११. आठ महिन्यांचं आहे आणि सगळं डाव्या हातानेच घेतं. डावखुरं होणार का?

एवढ्या लवकर ते ठरत नाही. पहिल्या वर्षात बाळ दोन्ही हात जवळपास सारखे वापरतं. एकाच हाताकडे ठाम ओढा दिसला तर प्रश्न त्या हाताचा नसतो, दुसऱ्याचा असतो. दुसरी मूठ घट्ट मिटलेली राहते का, अंगठा आत दबलेला असतो का, झबलं घालताना तो हात ताठ लागतो का, पाहा. असं असेल तर दाखवा. वाट बघू नका.

१२. कोणत्या गोष्टी दिसल्या तर थांबायचंच नाही?

सगळ्यात आधी ही: बाळाला जे येत होतं ते जायला लागलं. वय कोणतंही असो. उशिरा येणं बहुधा चालतं, आलेलं जाणं चालत नाही.

दुसरी गोष्ट घरात हमखास गॅस किंवा दचकणं समजली जाते. साधारण तीन ते आठ महिन्यांच्या बाळाचं डोकं आणि हात अचानक झटक्याने पुढे वाकतात, क्षणात सुटतात, काही सेकंदांनी पुन्हा, असं ओळीने. बहुतेकदा झोपेतून उठल्यावर. ही एक प्रकारची फिट असू शकते. मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. उपचारांना जितका उशीर, तितकं मेंदूचं नुकसान जास्त.

बाकीच्यांसाठी एक-दोन आठवड्यांत वेळ घ्या. चार महिने होऊन मान धरत नाही. तीन-चार महिन्यांनंतरही मुठी सतत मिटलेल्या. उचललं की हातातून निसटेल इतकं ढिलं, किंवा उलट ताठ, लंगोट बदलताना पाय फाकत नाहीत, उभं धरलं की पायांची कात्री होते. एक बाजू कमी हलते. नऊ महिने संपले तरी बसत नाही. वर्षाचं झालं तरी धरूनही उभं राहत नाही. अठरा महिन्यांना एकट्याने चालत नाही. बाळ ढिलं असून दूध ओढताना दमत असेल किंवा श्वास घेताना पोटच जास्त हलत असेल, तर आठवडाही थांबू नका.

१३. हसायचं, खेळायचं, बसायचं. आता गप्प असतं, मानही टाकतं. दात येताहेत म्हणून असेल का?

दातांमुळे बाळ मान टाकत नाही. प्रश्न १२ मधली पहिली ओळ हीच आहे. कारणं अनेक असू शकतात; त्यातलं एक आपल्या भागात मुद्दाम आठवायला हवं: ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. आई शाकाहारी, दूध-दुभतंही कमी, बाळ फक्त अंगावरच्या दुधावर, वरचं अन्न उशिरा सुरू झालेलं. अशा बाळात सहा महिन्यांनंतर हळूहळू सुस्ती येते, स्नायू ढिले पडतात, बोटांची पेरं काळवंडतात, काहींचे हात आणि डोकं थरथरतं. बाळ गुटगुटीत असलं तरी हे होऊ शकतं, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. पुण्यातल्या गर्भवतींमध्ये ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आहे, हे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या इथल्या दीर्घ संशोधनातून पुढे आलं आहे.

रक्ताच्या तपासणीत ते कळतं आणि उपचार स्वस्त आहेत. वेळेत दिले तर काही दिवसांतच बाळ पुन्हा बघायला, हसायला लागतं. उशीर झाला तर मेंदूवरचा परिणाम पुरता भरून येईलच असं नाही. आईचीही तपासणी आणि औषध त्याच वेळी.

१४. महिन्याचं असताना उभं धरलं की पावलं टाकायचं. आता तीन महिन्यांचं झालं तर टाकत नाही. हे ‘आलेलं जाणं’ नाही का?

चांगला प्रश्न, आणि याला मात्र अपवाद. ती पावलं बाळ ठरवून टाकत नव्हतं. ती जन्मजात प्रतिक्रिया असते आणि दोनेक महिन्यांत दिसेनाशी होते. तळहातावर बोट ठेवलं की घट्ट धरणं आणि आवाजाने दोन्ही हात फाकून दचकणंही चार ते सहा महिन्यांत ओसरतं. ते ओसरलं नाही तरच काळजी.

१५. आमचं बाळ पायाळू आहे. त्याचा चालण्याशी संबंध आहे का?

पावसाळ्यातल्या विजेशी नाही, खुब्याशी आहे. पायाकडून असलेल्या बाळांमध्ये, त्यातही मुलींमध्ये, खुब्याचा सांधा नीट न बसण्याची शक्यता जास्त असते. जन्म सिझेरियनने झाला तरी हे लागू. दीड महिन्याच्या सुमारास खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या, बाळाची हालचाल नॉर्मल वाटली तरी. घरात कोणाला लहानपणी हा त्रास असेल तरीही.

पायांना सरळ करून दुपट्यात करकचून बांधण्याची पद्धत या सांध्याला वाईट. गुंडाळायचं तर छातीपर्यंत, पाय मोकळे. कडेवर पाय फाकून घेणं मात्र उत्तम. लंगोट बदलताना एक मांडी कमी उघडत असेल किंवा चालायला लागल्यावर बाळ एका बाजूला झुकत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हे महिन्या-दोन महिन्यांचं असताना सापडलं तर पट्ट्यांवर भागतं, चालायला लागल्यावर सापडलं तर बहुधा शस्त्रक्रिया.

१६. चवड्यांवर चालतं, पाय कमानीसारखे आहेत, तळवे सपाट. बूट घ्यावेत का?

घरात अनवाणीच. नव्याने चालणाऱ्या बाळाचे पाय थोडे बाहेर वाकलेले आणि तळवे सपाटच असतात. दोन वर्षांपर्यंत त्यात काळजीचं नाही. अधूनमधून चवड्यांवर चालणंही चालतं. टाच टेकवता येतच नसेल, किंवा फक्त एकाच पायाची टाच वर राहत असेल, तर दाखवा. बाहेर जाताना मऊ तळव्याचे, वाकणारे बूट पुरेत. टाइल्सवर मोजे नकोत, घसरतात.

१७. कालच मांडीत लस दिली आणि बाळ तो पाय हलवतच नाही.

एक-दोन दिवस दुखतं म्हणून हलवत नाही. त्यानंतरही तसंच राहिलं, सूज वाढली किंवा ताप उतरत नसेल तर जिथे लस दिली तिथे जा.

१८. घरात रांगायला लागलं. जागा मोकळी केली, आणखी काय?

पाणी. आपल्याकडे बादल्या, टब आणि पिंपं भरून ठेवायची सवय आहे आणि बाळ वितभर पाण्यातही बुडू शकतं. बाथरूमचं दार बंद, बादल्या रिकाम्या. चिमटीत उचलायला लागलं की शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे आणि विशेषतः रिमोटमधले बटणासारखे सेल उंचावर. असा सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी लगेच रुग्णालय.

१९. पुण्यात दाखवायचं कुठे? आणि डॉक्टर म्हणाले ‘थांबा, येईल’, तर?

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून. लसीची भेट त्याला चांगली, पण टोचण्याआधी विचारा. नंतर बाळ रडतं आणि सगळेच निघायच्या घाईत असतात. सरकारी बाजूने अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे. तिथून पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. सेवा मोफत आहे. ससून रुग्णालयात बालरोग विभाग आहे, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात मॉरिस बालविकास केंद्र आहे.

‘थांबा’ म्हणाले तर दोन गोष्टी विचारा: किती दिवस, आणि तोवर काय दिसलं तर आधी यायचं. याचं नेमकं उत्तर मिळालं तर थांबायला हरकत नाही. नुसतं ‘मुलगा आहे, उशिरा करतात’ असं मिळालं तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांचं मत घ्या. मुलगा-मुलगी असा मोठा फरक या हालचालींमध्ये नसतो. फिजिओथेरपी सुरू करायला रोगाचं नाव ठरावं लागत नाही.

जाताना जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड न्या आणि बाळ घरी जमिनीवर खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ. दवाखान्यात बाळ एक तर झोपतं, नाही तर रडतं.